ऑनलाइन मुलाखतीत उमेदवार एआयची उत्तरं वाचून दाखवतात, कसं पकडायचं?

हरणटोळ: लवकर सांगा, उद्या परत मुलाखती आहेत. उमेदवार फाडफाड बोलतो, रुजू झाला की साधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा, लिहिता येत नाही. कालचा तर प्रत्येक प्रश्न आधी मोठ्याने परत म्हणायचा, मग शांतता, मग "याचे प्रामुख्याने तीन पैलू आहेत". आधीची नोकरी का सोडली, त्यालाही तीन पैलू! स्क्रीन शेअर करायला लावली, काही दिसलं नाही.

चकवा: पद कोणतं? फ्रेशर की अनुभवी? तोंडी घेता की कोडिंगही?

हरणटोळ: पद कोणतंही असो, लबाडी ती लबाडीच ना.

जुनाखोडकर: स्क्रीन शेअरवर काय दिसणार? शेअरमध्ये न दिसणारी विंडो ठेवणारी टूल्स निघालीत, नाहीतर शेजारी मोबाइल असतोच. आम्ही व्याख्या विचारणंच सोडलं. बायोडेटातलं एकच काम धरा आणि खणत जा. टेबल किती मोठं होतं, इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) कशावर लावला, पहिल्यांदा काय फसलं, कुणाच्या लक्षात आलं? चार-पाच प्रश्नांत पोपटाचा घसा बसतो.

तिरकस_रेघ: असहमत. एआय असे किस्सेही रचून देतं. त्यापेक्षा चुकलेली क्वेरी द्या आणि एआय खुशाल वापरू द्या. लेफ्ट जॉइन केलाय, म्हणजे डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी यायला हव्यात, पण वेअरमध्ये (निकाल गाळणाऱ्या भागात) उजव्या टेबलाच्या कॉलमवर अट. न जुळलेल्या ओळी गळतात, फक्त जुळलेल्या ओळी देणाऱ्या इनर जॉइनसारखाच निकाल येतो. मग अट ऑनमध्ये (टेबलं जोडायच्या भागात) नेली तर काय बदलेल, ते विचारा.

जुनाखोडकर: म्हणजे मुलाखत एआयची घ्यायची :)

रातकिडा: आधी माणूस तरी तोच आहे का बघा. डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेला खोटा चेहरा-आवाज, वापरून रिमोट नोकऱ्यांच्या मुलाखती देतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने जून 2022 मध्येच दिला होता. शिंकेचा आवाज येतो, तोंड मिटलेलंच.

हरणटोळ: अहो, माणूस तोच होता. येत काही नव्हतं.

बाकावरचा: आणि कंपन्या थापा मारतात त्याचं काय? जाहिरातीत रिमोट, ऑफर लेटरमध्ये रोज ऑफिस.

सोनसळी: कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, पाठीमागून उजेड नको.

तिरकस_रेघ: ताई, ते उमेदवारांना सांगा.

चकवा: पद अजून सांगितलं नाहीत. डेटा ॲनालिस्ट का?

हरणटोळ: हो, रिपोर्टिंगचं. दोनेक वर्षं अनुभववाले. तोंडीच घेतो, वीस मिनिटं.

चकवा: वीस मिनिटं, तेही तोंडी? मग पैलूच ऐकायला मिळणार. ती जॉइनवाली क्वेरी द्या उद्या.

हरणटोळ: तयार असेल तर टाका ना कुणीतरी.

तिरकस_रेघ: व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

बाकावरचा: पगाराचा आकडाही आधी सांगत चला.