मदत हवी आहे : बीआरएसआरच्या प्रश्नावलीत ऊसतोड मजूर कुठे दाखवायचे?

नमस्कार मंडळी,

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या लेबर ऑफिसला आहे. आमची साखर घेणाऱ्या एका बड्या लिस्टेड कंपनीने कामगारांविषयी लांबलचक प्रश्नावली धाडलीय, सेबीच्या बीआरएसआरसाठी (लिस्टेड कंपन्यांनी पर्यावरण, कामगार वगैरेंबद्दल दरवर्षी द्यायचा अहवाल). बाजारमूल्याने पहिल्या २५० लिस्टेड कंपन्यांनी आता पुरवठादारांचीही माहिती द्यावी असं आहे, खरेदीत ज्याचा वाटा २ टक्के किंवा जास्त त्याची. कंपन्यांना ते सध्या ऐच्छिक आहे. पण गिऱ्हाईकानेच मागितल्यावर आम्हाला कुठलं ऐच्छिक!

कायम, हंगामी, कंत्राटी लोकांचा पीएफ, ग्रॅच्युइटी, अपघात, पॉश (लैंगिक छळ प्रतिबंध) समिती, सगळं भरून झालं. अडलंय तोडणीपाशी. आमचा करार वाहतूकदाराशी. तो उचल (आगाऊ पैसे) देतो मुकादमाला (टोळीच्या म्होरक्याला), मुकादम देतो बीडकडच्या जोडप्यांना. आमच्या मस्टरवर (हजेरीपटावर) यातलं एकही नाव नाही. शेती विभागाच्या रजिस्टरला टोळी नंबर, कोयते (तोडणारी जोडपी) आणि टनेज, बस्स. साहेब म्हणतात, "आपले कामगार नाहीत ते, शून्य टाका."

दुसरा घोळ मजुरीचा. एकूण मजुरीपैकी महिलांना किती टक्के दिली, असा रकाना आहे. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडी भरते, आणि हिशेब नवऱ्याच्या नावे, तोही उचलीत वळता. निम्मं-निम्मं दाखवू का? आणि 'वेठबिगारीची जोखीम आहे का' यापुढे काय लिहू?

रानवाटा : साहेबांना एवढंच विचारा, तोडणीचा दर कोण ठरवतं? जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली ती कारखान्यांचा साखर संघ आणि मजूर संघटना समोरासमोर बसूनच ना? दराला तुम्ही, मजुरांच्या कल्याणाच्या ऊसतोड महामंडळाला टनामागे १० रुपये देणार तुम्ही, आणि रकाना आला की शून्य?

जमाखर्च : मी असे अहवाल तपासतो. शून्य नकोच. त्याचा अर्थ 'बघितलं, कोणी नाही' असा होतो. हे मजूर तुमच्या कामगारसंख्येतही घाईने कोंबू नका. वेगळा परिच्छेद करा: वाहतूकदार-मुकादम-टोळी ही साखळी कशी चालते, अंदाजे कोयते किती, आणि माणसागणिक नोंद नाही. निम्मं-निम्मं तर अजिबात नको. कागदावर ५० टक्के महिला मजुरी दिसेल, लोक टाळ्या वाजवतील आणि बाईच्या हातात दमडी नसेल!

वेठबिगारीचं म्हणाल तर नुसती उचल दिली म्हणून १९७६ चा कायदा लागत नाही. पण उचलीपायी माणसाला काम सोडता येत नसेल, दुसरीकडे जाता येत नसेल, किमान वेतनाहून कमी पडत असेल, तर लागतो. किमान वेतनाहून कमी पैशात राबवणं म्हणजेच सक्तीचं काम, हे सुप्रीम कोर्टाने एशियाडच्या (दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या) बांधकाम कामगारांच्या १९८२ च्या निकालातच सांगितलंय. म्हणून दोन गोष्टी काढा. दिवसाचं टनेज गुणिले दर, भागिले दोन माणसं, तेही खरे तास धरून. आणि हंगाम संपल्यावर किती टोळ्यांची उचल न फिटता पुढच्या साली ओढली गेली. वाहतूकदाराच्या बाकीवरून निदान अंदाज येईल. खाड्याला (कामावर न आलेल्या दिवसाला) दंड कापतात का, तेही बघा. बीडमध्ये २०१९ साली ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या त्रासात खाडा परवडत नाही हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. खरेदीदार उगाच नाही विचारत.

धागाकर्ता : दोघांचे आभार. वाहतूकदाराच्या बाकीचा उतारा शेती विभागाकडून मिळेल असं वाटतंय. टोळी उतरली की चिटबॉय (शेती विभागाचा फडावरचा माणूस) जातोच, त्याच्याकडून नवरा-बायको दोघांची नावं, वय आणि बँक खातं लिहून घ्यावं म्हणतोय. मुकादम कुरकुरणार. बाईच्या खात्यावर थेट पैसे जमा करणारा एखादा कारखाना कोणाला माहीत आहे का? वाहतूकदाराच्या करारात ते कलम कसं घातलं, तेवढा मजकूर मिळाला तर साहेबांपुढे ठेवता येईल.