प्रति: ही थेरं आपल्याकडची नव्हेत?

"प्राइडची थेरं न्यूयॉर्कची, बेळगावात कुठली?" असं वर विचारलंय. प्राइड म्हणजे समलिंगी-ट्रान्सजेंडर लोकांची मिरवणूक; ती तिकडचीच, मान्य, न्यूयॉर्कात १९६९ला पोलिसांविरुद्ध झालेल्या स्टोनवॉलच्या उठावानंतरची. आपल्या देशात १९९९ला कोलकात्यात पहिल्यांदा निघाली, माणसं जेमतेम १५. पण माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर डोक्यावर जग (देवीच्या मूर्तीची टोपली) घेऊन, लुगडं नेसून येणारे, पुरुष म्हणून जन्मलेले पण देवीला वाहिलेले जोगप्पा कुठनं आले? आमची आजी त्यांच्या परडीत जोगवा घातल्याशिवाय पुढं सरकायची नाही. (जोगप्पा आणि समलिंगी एकच नव्हेत, गल्लत नको.) उलट समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलमच परकं होतं, इंग्रजांच्या १८६०च्या दंडसंहितेतलं! सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना ते लागू नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ला सांगितलं. आणि याच जोगप्पांच्या परंपरेतल्या लोककलावंत मंजम्मा जोगतींना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचा फोटो आपणच सगळ्यांनी फॉरवर्ड केला होता की!