साधनाचा चुडीदार आणि आपल्या घरातल्या बायका : अनुभव लिहा

अबोली :
काल टीव्हीवर 'वक्त' लागला होता. नटी साधना त्या अंगासरशा कुर्ता-चुडीदारात दिसली आणि आई गवार निवडता निवडता थांबून म्हणाली, "हाच! असाच मी शिवला होता." सिनेमा १९६५चा, आई तेव्हा सोलापुरात कॉलेजला. परकर-पोलकं सुटलं की थेट साडी, मधलं काही नाहीच. आजोबांच्या मते पंजाबी ड्रेस म्हणजे छचोरपणा. मग आईनं मोतिया रंगाचं पॉपलीन घेऊन सुट्टीत दादरला मावशीकडे शिवून घेतला आणि तिथेच ठेवला. मे महिन्यात गेली की घालायची. मला हे कालच कळलं! अंगभर कपड्यातही ऐटीत वावरता येतं हे साधनानं दाखवलं, आणि आईसारख्या मुलींना साडीच्या आधीचं एक वय मिळालं, असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे काय काय झालं?

चाफा :
टाचेवरून चढेचना!!! आमच्या आत्या पायाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून चढवायच्या. काढताना धाकटी समोर बसून ओढणार. लग्नघरात तर हमखास. पोळ्या राहिल्यात, नंतर येते.

सुईदोरा :
आई शिवणकाम करायची. चुडीदार सरळ कापडावर कापला की गुडघ्यात उसवणार. म्हणून आधी कापडाची तिरकी पिशवी शिवायची आणि मग ती उरेब, म्हणजे तिरकी कापायची, म्हणजे कापड ताण घेतं. लांबी पायापेक्षा बरीच जास्त, तरच घोट्यावर चुण्या पडतात. खाली टिचबटणं. बायका दारातूनच सांगायच्या, "साधनासारखा हं!" माप नंतर. चुण्या कमी वाटल्या की परत घेऊन यायच्या. आमच्या कॉलेजच्या फिया त्या चुण्यांतून निघाल्या.

नऊवारी :
@सुईदोरा किती छान लिहिलंस गं. आईंना नमस्कार सांग.

करवीरकर :
कोल्हापूरची हजेरी लागलीच पाहिजे! 'वक्त'मधले ते कपडे वेशभूषाकार भानू अथैयांचे, आमच्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. साधनानं मुलाखतीत सांगितलं होतं, दिग्दर्शक यश चोप्रांना आधी ही चुडीदाराची कल्पना पटत नव्हती, भानूताईंकडून नमुना करून दाखवल्यावर पटली. पुढे १९८३ साली 'गांधी'साठी ऑस्कर, भारतातलं पहिलं. 'ब्रह्मचारी'तली मुमताजची ती नारिंगी साडी पण त्यांचीच.

लिंबूटिंबू :
मुमताजची साडी!! आमच्या काकू तशी नेसून हळदीकुंकवाला गेल्या होत्या. पुढचं घरात अजून कुणी सांगत नाही.

चाफा :
@लिंबूटिंबू असं अर्धवट सोडायचं नाही हं. काकूंना विचार आणि लिही.

मोगरा :
केसांचं कुणीच लिहिलं नाही? 'लव्ह इन सिमला', १९६०. कपाळ मोठं दिसतं म्हणून पुढे कापलेली झुलपं, आणि देशभर साधना कट. मावशीचे केस कुरळे, ती ओलं फडकं बांधून झोपायची. सकाळी शाळेत बाईंनी पिना लावून सगळं मागे घेतलं, शोभा नको म्हणून.

नऊवारी :
सासूबाईंचा असाच ड्रेस लग्नानंतर कुणीतरी दुलईच्या खोळीत शिवून टाकला. जांभळा होता, काठाला जर. ती दुलई आमच्याकडे आहे, मी तो तुकडा पाहिलाय. परवा त्यांनी नवा शिवून घेतला, सकाळी फिरायला घालतात. ओढणीला इस्त्री हवीच.

अबोली :
@नऊवारी दुलईचं वाचून पोटात तुटलं गं. बरं झालं नवा शिवला. आईला पण आता शिवायचाय म्हणे! ठाण्यात उरेब चुडीदार शिवणारं कुणी आहे का? सगळे लेगिंग घ्या म्हणतात.

सुईदोरा :
नौपाड्यात आईची मैत्रीण शिवते, तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. कापड सुतीच घे आणि आधी भिजवून वाळव, आटतं. दंडाचं माप सैल सांग, या वयात बाही काचते.