लांजा भागात शेतजमीन घ्यायची आहे, एजंटवर किती विसंबावं?

गवतीचहा (धागाकर्ता)
नमस्कार. ठाण्यात राहतो. वडिलांचं नाव खटाव तालुक्यातल्या सातबाऱ्यावर आहे, त्यामुळे शेतकरी दाखल्याची अडचण नाही. लांजा तालुक्यात एकरभर जमीन घ्यायची आहे, काजू लावायला. बजेट सगळं धरून 12 लाख, त्यापुढे खरंच नाही. फक्त शेतजमिनीचेच व्यवहार करणारा एक एजंट भेटलाय, 2 टक्के मागतो. दोन जागा मनात भरल्या:
अ) 42 गुंठे, रस्त्याला लागून, सातबाऱ्यावर 11 नावं.
ब) 25 गुंठे, एकच नाव, पण आत. दुसऱ्याच्या आवारातून दहा मिनिटं चालत जावं लागतं.
'अ'साठी 1 लाख बयाणा लगेच मागताहेत. काय करू?

कातळवाट
12 लाखांत कशाला अडकता? थोडं थांबा, 30 जमवा आणि संगमेश्वरकडे या. मी 2019 मध्ये 3 एकर घेतली. काजूची 120 झाडं लागली आहेत, यंदा पहिल्यांदा बी विकली. एजंट माझाही होता, माणूस सोन्यासारखा. नंबर व्यनि (वैयक्तिक निरोप) करतो.

मोडकाबांध
एजंट सोन्यासारखे असतात, खरेदीखत होईपर्यंत. आम्हाला जागा दाखवली तेव्हा तो कोयत्याने झुडपं बाजूला करत पुढे, आम्ही मागे. चुना फासलेला एक दगड दाखवून म्हणाला, "इथपासून त्या फणसापर्यंत तुमचं." विहीर मधोमध, पाणी हाताला लागेल इतकं वर. विहिरीकडे बघूनच पैसे दिले. पुढच्या वर्षी मोजणी आणली तर विहीर शेजाऱ्याच्या हिश्श्यात! चुन्याचा दगड कोणी लावला ते आजवर कळलं नाही. आईने विहिरीच्या पायरीवर बसून फोटो काढला होता, तो अजून घरात आहे. भूमी अभिलेखची मोजणी आधी, पैसे नंतर. अर्ज जमीनमालकाने करायचा असतो, खर्च हवं तर तुम्ही द्या.

शांताराम_डोंबिवली
सातबारा नीट बघा. ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा 15 रुपयांत.

पाणंद
मी त्याच पट्ट्यातला, वाडीतच राहतो. मुंबई-पुण्याची मंडळी जागा घेतात आणि पहिलं काम काय, तर तारेचं कुंपण. आमच्या वरच्या वाडीची गुरं तीन पिढ्या ज्या वाटेने पऱ्यावर (ओढ्यावर) जायची, ती वाट एका साहेबांनी गेट लावून बंद केली. एजंटने त्यांना वाटेबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. घ्या जमीन, पण वाडीत येऊन एक दिवस बसा.

कातळवाट
@पाणंद, कुंपण नाही घातलं तर वानर आणि गवे रोपं ठेवतात का? माझी 40 रोपं पहिल्याच वर्षी गेली.

पाणंद
कुंपणाला ना नाही. वाटेला गेट नको, एवढंच म्हणणं आहे.

मोडकाबांध
वाटेचा मुद्दा 'ब'ला जास्त लागू आहे. आज शेजारी जाऊ देतो, उद्या त्याचा मुलगा देईलच असं नाही.

दप्तरखाना
पंचवीस वर्षं महसूल खात्यात काढली, म्हणून सविस्तर लिहितो. नुसता सातबारा पुरत नाही. 8अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) काढा, वकिलाकडून मालकीचा 30 वर्षांचा शोध घ्या. भोगवटादार वर्ग 2 (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय हात लावू नका. 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं (मालकाची जमीन कसणाऱ्याचं) नाव दिसलं तर तिथेच थांबा. पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) किती तेही बघा, 42 गुंठ्यांतला निम्मा कातळ असू शकतो. खाजगी वनाची नोंद असेल तर जागा सोडून द्या.
महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्य नियामकाचा) नंबर विचारून उपयोग नाही, ती नोंदणी प्रकल्पातले फ्लॅट आणि प्लॉट विकणाऱ्यांना लागते. निव्वळ शेतजमिनीच्या दलालाला तसा परवाना नाही, म्हणून कागद तुम्हीच तपासायचे. तो विकणाऱ्याकडूनही पैसे घेतो का, हे तोंडावर विचारा. बहुतेक घेतात. नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30 हजार. मुद्रांक शुल्क व्यवहाराची रक्कम आणि सरकारी मूल्यांकन यांत जे जास्त असेल त्यावर. हे सगळं 12 लाखांत बसवा.
माझं मत: 11 नावं म्हणजे 11 सह्या. 'अ' सोडा.

न्यूजर्सीकर
आम्हालाही गावाकडे अशीच घ्यायची आहे. एजंट म्हणतो होईल.

दप्तरखाना
नागरिकत्व भारतीय असलं तरी अनिवासींना शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने येऊ शकते. "होईल" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

शांताराम_डोंबिवली
फेरफार पण बघा. आणि 'अ' नकोच.

रानहळद
मे महिन्यात पाणी बघायला जा आणि जुलैत रस्ता बघायला. आम्ही डिसेंबरात घेतली, सगळं हिरवंगार होतं. आता एप्रिलपासून टँकर.

गवतीचहा (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. काही जण 'अ' सोडा म्हणताय, तरी मी 'अ'च्याच मागे लागायचं ठरवलंय.
गेल्या शनिवारी वाडीत दिवसभर बसलो. अकरांतल्या सर्वांत मोठ्या आजी तिथेच राहतात. त्यांनी स्वतः चारही कोपरे फिरवून दाखवले, आणि गुरांची वाट वरच्या बांधाकडून जाते तेही सांगितलं. ती वाट मोकळी ठेवणार, तसा शब्द दिलाय. मेमध्येही पाणी असतं असं त्या म्हणतात, पण मेमध्ये मी जाऊन बघणार. वर्ग 1 आहे, कुळ नाही, पोटखराबा 6 गुंठे.
बयाणा दिलेला नाही. एजंटला स्पष्ट विचारलं, तो विकणाऱ्यांकडूनही 2 टक्के घेतोय. माझ्याकडून 1 टक्क्यावर तयार झाला, तोही माझ्या नावाचा फेरफार मंजूर झाल्यावर. मोजणीचा अर्ज आजींच्या नातवाने भरला. नऊ जण सही करायला तयार आहेत. राहिलेले दोघे भाऊ नालासोपाऱ्याला असतात, गावी बारा वर्षं आलेले नाहीत. पुढच्या रविवारी एजंट आणि मी त्यांच्याकडे जातोय. दिवाळीपर्यंत थांबेन.

कातळवाट
संगमेश्वरची ऑफर अजून आहे.

मोडकाबांध
मोजणीला स्वतः उभे राहा. नातवावर सोडू नका.

दप्तरखाना
सोसायटीचा बोजा (सातबाऱ्यावर नोंदलेलं शेतीकर्ज) आहे का, ते लिहिलं नाहीत. आणि त्या दोघा भावांना बहीण आहे का, तेही रविवारी विचारा. सातबाऱ्यावर तिचं नाव नसलं तरी.