'आपोआप चार्ज होणारी' स्कूटर: वीज येते कुठून?

शंकासूर
मेहुण्याने काल व्हिडिओ पाठवला. मागच्या चाकाला ऑल्टरनेटर, म्हणजे फिरवला की वीज बनवणारं यंत्र, जोडलेली ई-स्कूटर. "एकदा चार्ज करा, मग धावता धावता आपोआप चार्ज होत राहते." पाठोपाठ डीलरशिपचा फॉर्म, अनामत २ लाख. तो भरायच्या बेतात आहे, म्हणून हा धागा.

डायनॅमोची सायकल ज्यांनी चालवली त्यांना हे समजावायला नको. बाटली टायरला टेकवली की दिवा लागायचा, पण पायडल जड व्हायचं. उजेड पोटऱ्यांतून यायचा. इथे ऑल्टरनेटर फिरवणार चाक, चाक फिरवणार मोटर, आणि मोटरला वीज बॅटरीचीच. प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती, वर गाडी ढकलायची ती वेगळीच. उजव्या खिशातले पैसे डाव्या खिशात टाकायचे आणि दर खेपेला दलाली द्यायची, असा हा धंदा.

पेटंट घेतलंय म्हणतात. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(अ) वाचा. निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणाऱ्या दाव्याला पेटंटच मिळत नाही.

खटपट्या
आलेच टीकाकार! कोणी काही नवीन केलं की आपल्याकडे आधी हसायचं. शिवकर तळपद्यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं म्हणतात, तेव्हाही हसले असतील.

आणि हे घ्या: स्वित्झर्लंडमध्ये बीलजवळ सिमेंटच्या खाणीत एक विजेवरचा डंपर चालतो. बॅटरी ६०० युनिटची. वरून ६५ टन दगड भरून उतरताना ब्रेकमधून इतकी वीज बनवतो की रिकामा वर चढायला ती पुरते. बाहेरून जवळपास चार्ज करावंच लागत नाही. आता बोला.

घाटमाथा
माझाही अनुभव तसाच. लोणावळ्याहून खोपोलीला घाट उतरलो की माझ्या इलेक्ट्रिक कारची बॅटरी २-३ टक्के वाढलेली दिसते. स्क्रीनवर स्वतः बघतो.

शंकासूर
खटपट्या, तळपद्यांना मध्ये आणू नका, धाग्याचं विमान होईल.

डंपरचं उदाहरण मात्र झकास आणि खरं आहे. पण नीट बघा, तिथे उतरताना ६५ टन दगड जास्तीचे असतात. ते डोंगरावर डंपरने चढवले नाहीत, आधीपासून वरच होते. म्हणजे वीज डोंगराची. डोंगर संपला की खेळ संपला. तुमच्या स्कूटरला रोज कोण दगड भरून देणार?

घाटमाथा, हिशेब करू. दीड टनाची गाडी साधारण ५५० मीटर उतरली तर सव्वादोन युनिट सुटतात. काही टायरच्या घर्षणात, काही हवेत जातात, उरलेलं युनिट-सव्वा युनिट बॅटरीत. ४० युनिटच्या बॅटरीत ते २-३ टक्के दिसतात. आता घाट चढून परत येताना किती टक्के कमी झाले तेही लिहा.

घाटमाथा
...११.

पेठेतली
सगळेच दावे खोटे नसतात हो. आमच्या पुण्यातल्या वायवे कंपनीची 'इव्हा' ही इलेक्ट्रिक कार बघा, टपावर सोलर पॅनल आहे. तिला कोणी थापाडी म्हणत नाही.

शंकासूर
म्हणू पण नये. ते वीज सूर्याची आहे असं सांगतात, आणि किती ते आकड्यात सांगतात: वर्षाला ३००० किलोमीटरपर्यंत, म्हणजे दिवसाला ८-१०. माझं गणितही फार लांब नाही. टपावर २ चौरस मीटर पॅनल बसलं तर भर उन्हात ४०० वॉट, दिवसभरात दीड-दोन युनिट. साध्या कारला त्यात १२-१५ किलोमीटर. तेही सावलीत लावली नाही तर, आणि श्रावणात तर विसराच. नेदरलँड्सच्या लाइटइयरने दिवसाला ७० किलोमीटरपर्यंत सूर्यावर चालणारी कार काढली, पण किंमत अडीच लाख युरो. जानेवारी २०२३ मध्ये उत्पादक कंपनी दिवाळखोरीत गेली. दावा खरा असला तरी धंदा जमतोच असं नाही.

फ्योर्डकाठी
नॉर्वेतून लिहितेय. इथे लेक्सस कंपनी त्यांच्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या गाड्यांची 'सेल्फ-चार्जिंग' म्हणून जाहिरात करत होती. २०२० मध्ये ग्राहक प्राधिकरणाने ती बंद करायला लावली. कारण सोपं: बॅटरी भरायची ऊर्जा शेवटी टाकीतल्या पेट्रोलचीच, ग्राहकाला ती फुकट असल्याचा भास होतो. गाडी उत्तम होती बरं का. भांडण त्या एका शब्दाशी होतं.

खटपट्या
मोठ्या कंपनीने म्हटलं तर 'शब्द चुकला', गावातल्या मेकॅनिकने म्हटलं तर फसवणूक. हे कसं?

शंकासूर
मेकॅनिकवर माझा राग नाही. पोरं प्रदर्शनात असली मॉडेलं करतात, त्यातून शिकतातही. राग त्या अनामतीवर आहे. १९९६ मध्ये झाडपाल्यापासून पेट्रोल बनवतो म्हणणाऱ्या रामर पिल्लेंच्या हर्बल पेट्रोलवरही मोठमोठे लोक भुलले होते. प्रयोगशाळेत दावा टिकला नाही, पुढे सीबीआयची केस झाली.

खात्री करायची तर सोपी आहे. बॅटरी पूर्ण भरा, चार्जिंगच्या सॉकेटला माझ्यासमोर सील लावा, आणि सपाट रस्त्यावर न थांबता पळवा. बॅटरीच्या क्षमतेत बसतं त्याच्या दुप्पट अंतर गेली तर मी हा धागा मागे घेतो आणि २ लाखही मीच भरतो.

मेहुण्याने हे त्या माणसाला विचारलं. उत्तर आलं: "सील लावलं तर वॉरंटी जाते."

पेठेतली
मग मेहुणे काय म्हणाले?

शंकासूर
म्हणतो, शुक्रवारपर्यंत फॉर्म भरला तर हेल्मेट फ्री आहे.