मिस्टसारखे फर्स्ट पर्सन पॉइंट अँड क्लिक गेम सुचवा ना

मिस्ट परवा संपवला, आता हात शिवशिवतायत. मारामारी नको, घड्याळ लावून पळापळ नको, नुसतं आपल्याच डोळ्यांनी बघत फिरायचं, क्लिक करायचं आणि डोकं खाजवायचं. काय खेळू?

कोडेबहाद्दर: रिव्हन, मिस्टचाच पुढचा भाग, दुसरं काय! १९९७ चा, पाच सीड्यांवर यायचा. त्यात कोडी वेगळी अशी नसतातच, तिथल्या लोकांचे आकडे कसे चालतात हे शाळेतल्या एका खेळण्यावरून कळतं, मग तेच पुढे कामाला येतं. वही पेन घेऊन बस. २०२४ चा रीमेकपण आहे पण त्यात एकेक क्लिक न करता मोकळं चालता येतं आणि काही कोडी बदललीयेत, म्हणून मी म्हणेन आधी जुनाच खेळ.

निशाचर: रिव्हन लगेच नको रे, पळून जाईल बिचारा 😄 द रूम घे, पेटी उघडायची, आत अजून एक पेटी, मोबाईलवरपण आहे, दोन-तीन बैठकीत संपतो.

कोडेबहाद्दर: बरं बाबा. पण वॉकथ्रू, म्हणजे तयार उत्तरं, उघडू नकोस हां, अडकलास तर झोप काढ, सकाळी सुचतं.

निशाचर: आणि ऱ्हेम नावाच्या गेमच्या वाटेला सध्या जाऊच नकोस, एकाच माणसाने बनवलाय आणि नुसत्या पाइपा, दारं, आकडे. मी दोनदा सोडलाय.

धन्यवाद, द रूम डाउनलोडला लावला. वही शोधतोय.