शंभर गुण मिळवूनही दुसरे!

कोणीतरी म्हटलंय की इंग्लंडच्या चॅम्पियनशिपचा (प्रीमियर लीगच्या लगेच खालची फुटबॉल लीग) २०२४-२५चा हंगाम रटाळ होता. अजिबात पटलं नाही. लीड्स आणि बर्नली, दोघांचेही शंभर गुण! बर्नलीने ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले, तरी गोलफरकाने विजेतेपद हुकलं. शेवटच्या दिवशी प्लिमथमध्ये भरपाईच्या वेळेत सोलोमनने गोल केला आणि करंडक लीड्सकडे गेला.

मला खरी हळहळ शेफील्ड युनायटेडची वाटते. दोन गुण कापले जाऊनही नव्वद, आणि प्ले-ऑफमधून (बढतीच्या शेवटच्या जागेसाठीचे बाद सामने) प्रीमियर लीगमध्ये बढती मात्र ७६ गुणांच्या संडरलँडला. वेम्बलीवर या दोघांतल्या प्ले-ऑफच्या अंतिम लढतीत अर्ध्याहून जास्त सामना शेफील्ड पुढे होतं. मग संडरलँडच्या मायेंडाची बरोबरी, आणि ९५व्या मिनिटाला त्यांच्याच १९ वर्षांच्या टॉम वॉटसनचा तो गोलच्या खालच्या कोपऱ्यात गेलेला विजयी फटका. अंगावर काटा आला.